गाणं वाटलं की टिकतं

गाण्यांच्या वेड्यांत दोन जाती असतात, साठवणारे आणि वाटणारे. दुर्मिळ गाणं हाती लागलं की पहिला ते कुलपात ठेवतो. दुसऱ्याला ते चार जणांना ऐकवल्याशिवाय झोप लागत नाही. मी दुसऱ्या जातीतला. आणि माझ्या मते गाणी जगतात ती याच वेड्यांमुळे.

'आलम आरा' (१९३१) हा आपला पहिला बोलपट. त्यात सात गाणी होती. त्यांच्या तबकड्या निघाल्या नाहीत आणि सिनेमाची एकही प्रत आज उरलेली नाही. गाणी गेली ती गेलीच!

पण नुसतं वाटून भागत नाही. १९०२ साली कलकत्त्यात ध्वनिमुद्रण करताना गौहर जान शेवटी स्वतःचं नाव सांगत. तबकड्या परदेशात तयार व्हायच्या, तिथल्या माणसाला कळावं ना कोण गातंय ते! आणि आपण? 'ट्रॅक ०१' नावाची फाइल खुशाल पुढे ढकलतो. गीतकार-संगीतकार बिचारे कुठेच नसतात.

बाजारातली गाणी कुठे ना कुठे मिळतील हो. पण माळ्यावरच्या कॅसेटमधली आजीची ओवी? तिची जगात एकच प्रत आहे, आणि फितीला बुरशी धरते. तेव्हा मंडळी, ती उतरवून घ्या. कोण गातंय, कुठे, कधी, ते लिहा. आणि सगळ्या भावंडांना एकेक प्रत द्या. एक हरवली तरी चार राहतील.