मोंते सांतोवरील अर्धा मनोरा

यंदा दिवाळीच्या सुटीत आमच्या प्रशालेच्या वरच्या वर्गांची सहल गोव्यास गेली होती. परत आल्यावर दोन पालकांनी दोन निरनिराळ्या तक्रारी केल्या. एकाचे म्हणणे, मुलांस देवळे सोडून चर्चेसच का दाखविली? (देवळेही दाखविली होती, ही गोष्ट वेगळी.) दुसरे गृहस्थ आमच्याच मंडळीतील. त्यांचे म्हणणे, तेथील जुन्या धर्मन्यायासनाची हकिकत कोवळ्या मुलांपुढे सांगण्याचे प्रयोजन काय? या दुसऱ्या प्रश्नास उत्तर देणे मला अधिक अगत्याचे वाटते.

जुन्या गोव्यातील सें कॅथेड्रल सपाटीवर आहे व प्रवाशांची झुंबड तेथेच असते. तेथून पश्चिमेस थोडा चढ चढले की मोंते सांतो ही टेकडी लागते. ऑगस्टिनपंथी साधू १५७२ साली गोव्यास आले व १५९७ ते १६०२ या काळात त्यांनी या टेकडीवर एक प्रचंड मंदिर उभारले. आज तेथे छप्पर नाही. तुटक्या भिंती, पायाखाली पोर्तुगीज लेखांच्या थडग्यांच्या शिळा, आणि सुमारे ४६ मीटर उंचीच्या मनोऱ्याचा निम्मा भाग. मनोरा जांभ्या दगडाचा. चांद्याच्या परकोटाचा वालुकाश्म पाहिलेल्या डोळ्यांस तो रक्तवर्ण दगड प्रथम विटांचाच भास देतो.

चामोर्शीकडील एक मुलगा त्या मनोऱ्याकडे बराच वेळ पाहत होता. तो म्हणाला, "सर, आमच्या मार्कंड्याच्या देवळावर वीज पडली म्हणतात. इथे काय पडले?"

प्रश्न मोठा मार्मिक. येथे वीज पडली नाही. १८३५ साली सरकारी हुकुमाने साधूंस घालवून दिले गेले. मागे निगा राखणारा कोणी उरला नाही. १८४२ साली घुमट कोसळला, १९३१ साली दर्शनी भाग गेला. मनोऱ्यातील घंटा तेवढी वाचली. ती आता पणजीच्या चर्चमध्ये आहे.

इतके सांगून मी थांबलो असतो तर दुसरी तक्रार आलीच नसती. परंतु त्याच अवशेषांत एक विलक्षण गोष्ट घडलेली आहे. जॉर्जिया देशाची राणी केतेवान हिने धर्म सोडण्यास नकार दिला, म्हणून इराणचा शहा अब्बास याने १६२४ साली शिराझ येथे तिचा छळ करून वध करविला. तिच्या अस्थींचा काही भाग ऑगस्टिनपंथी साधूंनी गोव्यास आणून येथे जपून ठेवला. पुढे मंदिर पडले, अस्थी विस्मृतीत गेल्या. अलीकडील उत्खननात हाताचे एक हाड सापडले. हैदराबादच्या प्रयोगशाळेत त्याची तपासणी झाली, आणि २०२१ साली भारत सरकारने ते जॉर्जियाच्या स्वाधीन केले. मुले ही कथा तल्लीन होऊन ऐकत होती. एकीने तर डोळे पुसले.

अशा वेळी शिक्षकाने काय करावे? ज्या नगरात श्रद्धेसाठी प्राण देणाऱ्या परदेशी राणीचा एवढा गौरव झाला, त्याच नगरात, त्याच काळात, १५६० पासून धर्मन्यायासन बसलेले होते. ते मधली थोडी वर्षे सोडता १८१२ पर्यंत चालले. केळोशीची शांतादुर्गा कवळ्यास व कुठ्ठाळीचा मंगेश प्रियोळास न्यावा लागला, तो याच शतकातला प्रकार. ही देवळे आम्ही आदल्याच दिवशी पाहिली होती. ती तेथे का आहेत हे मुलांस न सांगता त्यांच्यापुढे राणीचे अश्रू ढाळणे मला अप्रामाणिकपणाचे वाटले. आणि त्या न्यायासनाने सर्वाधिक गांजले ते बाप्तिस्मा घेतलेल्यांनाच, ही गोष्ट आमच्या मंडळीतील गृहस्थांसही कदाचित ठाऊक नसेल.

याच भूमीत १५७९ साली आलेल्या थॉमस स्टीफन्स या इंग्रज जेझुइटाने मराठी ओवीत 'क्रिस्तपुराण' रचले व ते १६१६ साली छापून निघाले. हेही मी सांगितले, आणि अभिमानाने सांगितले. मात्र एका गोष्टीने दुसरी पुसली जाते, असे माझे मत नाही. हिशेबाच्या वहीत जमा दाखविली म्हणून खर्च लपत नसतो.

पुढील वर्षी लांबची सहल न काढता चांद्याचाच परकोट फिरावा, असा विचार आहे. बल्लाळशहाने आरंभिलेली ती भिंत आपण रोज ओलांडतो. काही वर्षांपूर्वी येथील तरुणांनी श्रमदान करून तिच्यावरची झाडेझुडपे काढली, तेव्हा कोठे ती आम्हांस दिसली! तेथेही मे १८१८ मध्ये इंग्रजी तोफांनी काय केले, हे सांगावे लागेल. आणि आमचे मिशन इंग्रजी राज्य बसल्यावरच येथे आले, हेही.

त्या गृहस्थांस हे सारे समक्ष सांगितले. त्यांस पटले नाही. त्यांचा मुलगा मात्र दुसऱ्या दिवशी वर्गात विचारीत होता की, परकोटावर जावयाचे ते कोणत्या दरवाजाने, जटपुऱ्याच्या की पठाणपुऱ्याच्या?