जकातीचे वर्ष ३१ मार्चला संपत नाही

माहे रमजान आला की वाशीच्या फळबाजारात पपई, कलिंगड, खरबूज, अननसाच्या गाड्या लागतात आणि मसाला मार्केटात खजुराच्या पेट्यांची उचल वाढते. हा व्यापार हलाल आहे, त्याविषयी आमची तक्रार नाही. तक्रार आहे ती याच महिन्यात गाळ्यांवर निघणाऱ्या, किंबहुना न निघणाऱ्या, जकातीच्या हिशेबाबद्दल. पुष्कळ ठिकाणी अंदाजाने एक रक्कम ठरते, मदरशांच्या पावत्या फाटतात आणि जकात अदा झाली असे समजले जाते.

जे हिशेब ठेवतात ते बहुधा सी.ए.ने काढलेला ३१ मार्चचा ताळेबंद पुढे ठेवतात. २०२५ साली आपल्याकडे ईद नेमकी ३१ मार्चलाच आली आणि दोन्ही वह्या एकाच दिवशी मिटल्या. पण रमजान दरसाल दहा-अकरा दिवस अलीकडे येतो. २०३० साली तो जानेवारीत आणि पुन्हा डिसेंबरअखेरीस सुरू होईल. चांद्र वर्ष ३५४ दिवसांचे. ताळेबंदाच्या वर्षाने अडीच टक्के देणारा दरसाल अकरा दिवसांची जकात ठेवून घेतो, म्हणजे सुमारे तेहेतीस वर्षांत पुऱ्या एका वर्षाची. दहा लाखांवर हा फरक वर्षाला पावणेआठशे रुपयांच्या आसपास येतो. रक्कम किरकोळ खरी, पण ती आपली नव्हे, हकदाराची आहे. इंग्रजी वर्षच सोयीचे असेल तर २.५७७ टक्के धरावेत, असा हिशेब काही इस्लामी वित्तसंस्थाही करतात.

दुसरा गोंधळ मालाचा. गाळा, वजनकाटा, हातगाडी, सुताराची हत्यारे, शिंप्याचे मशीन यांवर जकात नाही. विक्रीसाठी ठेवलेल्या मालावर आहे, आणि तीही खरेदीच्या भावाने नव्हे, त्या दिवशीच्या बाजारभावाने. १९९६ साली मुंबईचा फळबाजार वाशीला आला तेव्हापासून येथे आडतीचा धंदा मोठा. आडत्याच्या गाळ्यावर उतरलेला शेतकऱ्याचा माल आडत्याचा नसतो. त्याची फक्त आडत असते. उलट पट्टीचे पैसे शेतकऱ्याला द्यायचे राहिले असतील तर ते देणे वजा करण्याचा प्रश्न येतो, आणि किरकोळ विक्रेत्यांकडे अडकलेल्या उधारीचाही येतो. येथे हनफी आणि आपल्या कोकणी बंधूंचा शाफई मसलक यांत तपशिलाचा फरक आहे. तेव्हा खातेवही घेऊनच आलिमाकडे जावे. तोंडी प्रश्नाला तोंडीच उत्तर मिळते.

तिसरी गोष्ट बोलायला अवघड आहे, तरी बोलतो. हमालाला किंवा गाळ्यावरच्या पोऱ्याला ईदला दिलेला बोनस जकातीच्या खात्यात लिहिण्याची चाल काही ठिकाणी आहे. जकात कामाचा मोबदला होऊ शकत नाही. नोकर गरजू असेल तर त्याला जकात जरूर द्यावी, पण पगार आणि ठरलेला बोनस पुरा देऊन, त्याच्या वर. नाहीतर मालक आपलेच देणे गरिबाच्या हिश्शातून फेडतो.

जकातीचे वर्ष रमजानपासूनच सुरू होते असेही नाही. साडेबावन्न तोळे चांदीच्या किमतीइतकी मालमत्ता ज्या हिजरी तारखेला प्रथम हाती आली, ती तारीख खरी. आठवत नसेल तर विचार करून एक धरावी, खातेवहीच्या पहिल्या पानावर लिहावी आणि दरसाल त्याच दिवशी गाळ्यातला माल मोजावा.