टँकर उलटला... आता फोन कुणाला?

केळापूर तालुक्यात वाघ दिसला तर काय करायचं, हे लहान पोरालाही शिकवावं लागत नाही. टिपेश्वरचं जंगल शेजारीच आहे. वाघ दिसला की फॉरेस्टवाल्यांना फोन जातो, बाजूच्या गावाला निरोप जातो, आणि दुसऱ्या दिवशी शेतात कुणी एकटं जात नाही. पण हायवेवर अ‍ॅसिडचा टँकर उलटला आणि ते अ‍ॅसिड नाल्यातून नदीकडे निघालं, तर? या प्रश्नाचं उत्तर गावात कुणाकडे नाही. आणि मित्रमैत्रिणींनो, खरं सांगायचं तर आपल्या होस्टेलवरही नाही!

"आमच्याकडे कुठे केमिकल फॅक्टरी आहे?" असं कुणी म्हणेल. बरोबर आहे. आमचा तालुका कापसाचा, सोयाबीनचा, तुरीचा. पण नागपूर-हैदराबाद हायवे, म्हणजे जुना सात नंबर आणि आताचा राष्ट्रीय महामार्ग ४४, करंजी, पांढरकवडा, पाटणबोरी करत पैनगंगा ओलांडून तेलंगणात जातो. फॅक्टरी इथे नसली तरी फॅक्टरीचा माल चाकांवर बसून रात्रंदिवस इथूनच जातो. वाटेत पूल आहेत, नाले आहेत. पांढरकवड्याची नदी नावाने 'खुनी' असली तरी ती माणसांना, जनावरांना पाणीच पाजते. पुढे ती पैनगंगेला मिळते, पैनगंगा वर्धेला. म्हणजे आपल्याकडे सांडलेलं आपल्यापुरतं राहत नाही.

हे उगाच घाबरवणं नाही. २०१४ च्या नोव्हेंबरमध्ये उल्हासनगरला वालधुनी नदीत टँकरमधून रसायन सोडलं गेलं. काठावरच्या वस्तीतल्या लोकांना उलट्या, मळमळ, श्वास कोंडणं सुरू झालं आणि शंभराहून जास्त लोकांना दवाखान्यात न्यावं लागलं. जुलै २०२२ मध्ये आपल्या विदर्भातच कोराडी वीज केंद्राच्या राखेच्या तलावाचा बांध फुटला आणि ती राख कन्हान नदीपर्यंत गेली. नागपूरच्या पाणीपुरवठ्यालाही त्याचा फटका बसला.

आता एक परदेशातलं उदाहरण. १ नोव्हेंबर १९८६ ला स्वित्झर्लंडमध्ये बाझेलजवळ सँडोझ कंपनीच्या गोदामाला आग लागली. गोदामात कीटकनाशकं होती. फायर ब्रिगेडने आग विझवली, पण विझवायला मारलेलं पाणीच ती कीटकनाशकं घेऊन ऱ्हाईन नदीत उतरलं. नदी लाल झाली आणि लाखाच्या वर ईल मासे मेले. त्यानंतर ऱ्हाईनकाठच्या देशांनी एकत्र बसून कार्यक्रम आखला. आगीचं पाणी अडवायला टाक्या बांधल्या, खालच्या गावांना कळवायची पद्धत पक्की केली. धडा साधा आहे. अपघात झाल्यावर घाईने केलेलं चांगलं कामसुद्धा नदीचा घात करू शकतं.

आपल्या कायद्याने याचा विचार केलेला नाही असं नाही. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ प्रमाणे धोकादायक माल नेणाऱ्या गाडीवर तीन ठिकाणी माहितीची पाटी हवी. त्यावर रसायनाचं नाव, धोक्याचं चिन्ह आणि मदतीसाठी फोन नंबर असतात. ड्रायव्हरचं वेगळं ट्रेनिंग झालेलं हवं, आणि अपघात झाला की त्याने ताबडतोब पोलीस स्टेशनला कळवायचं असतं. बऱ्याच टँकरवर चार आकडी यू.एन. नंबरही असतो. पेट्रोल १२०३, सल्फ्युरिक अ‍ॅसिड १८३०. सोबत 'हॅझकेम' कोड असतो. त्यातलं अक्षर डब्ल्यू, एक्स, वाय किंवा झेड असेल तर अर्थ असा, की सांडलेलं धुऊन काढू नका, अडवा, नाल्यात जाऊ देऊ नका. शेवटी ई असेल तर आसपासची माणसं हलवायचा विचार करा. पेट्रोलचा कोड आहे ३वायई. एवढ्याशा कोडमध्ये केवढी माहिती आहे बघा!

पण ही माहिती वाचणार कोण? माझं शिक्षण कॉन्व्हेंटमधलं. मराठीत लिहायला बसले की आधी इंग्रजी शब्दच सुचतात. मलासुद्धा ही पाटी इंजिनीअरिंगला आल्यावर आणि मुद्दाम शोधल्यावर कळली. मग पुलाजवळच्या शेतात निंदण करणाऱ्या काकूंनी ती कशी वाचायची? आणि टँकरजवळ सगळ्यात आधी पोचणार त्याच! २०१७ साली आपल्या यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारणी करताना विषबाधेने वीसच्या आसपास शेतकरी-मजूर गेले, शेकडो आजारी पडले. त्या डब्यांवरही चिन्हं होती, बारीक अक्षरात सूचना होत्या. कागदावर लिहिलेला इशारा माणसापर्यंत पोचलाच नाही, तर त्याचा काय उपयोग?

थोडं गणित करू. नदीचं पाणी सेकंदाला अर्धा मीटर वाहत असेल तर तासाला जवळजवळ दोन किलोमीटर जातं. पुरात ते सेकंदाला दोन मीटर झालं तर तासाला सात किलोमीटर. तज्ज्ञ लोक, त्यांचे सूट, त्यांची गाडी मोठ्या शहरातून निघून इथे पोचायला काही तास लागणारच. तोपर्यंत विष दोन-चार गावं ओलांडून गेलेलं असेल. पाण्यापेक्षा वेगाने पळणारी आपल्याकडे एकच गोष्ट आहे, ती म्हणजे फोन.

कुणी म्हणेल, गावकऱ्यांनी मध्ये पडूच नये, हे तज्ज्ञांचं काम आहे. टँकरजवळ जाऊ नये, हे मलाही शंभर टक्के मान्य आहे. बादल्या घेऊन सांडलेलं तेल भरायला धावणं म्हणजे मरणाला बोलावणं. अ‍ॅसिडवर स्वतःच्या मनाने पाणी किंवा चुना टाकू नये. केवढी उष्णता बाहेर पडते ते आपण बारावीच्या लॅबमध्ये शिकलोच आहोत. पण लांब राहूनही करण्यासारखं पुष्कळ आहे. वाऱ्याच्या वरच्या बाजूला थांबणं. ११२ ला आणि जिल्हा नियंत्रण कक्षाच्या १०७७ ला फोन करून पाटीवरचं लांबून दिसेल ते सांगणं. नदीच्या खालच्या अंगाच्या गावांना कळवणं, पाण्याचे पंप बंद करणं, जनावरं नदीवर न सोडणं. देवळाचा भोंगा आहे, मशिदीचा आहे, दवंडी आहे. पाच मिनिटांत गाव जागं होतं!

आणि इथेच आपलं कॉलेज येतं. रासेयोच्या शिबिरात आपण सिमेंटच्या रिकाम्या गोण्यांत माती भरून वनराई बंधारे बांधतो. तीच कला इथे कामाची आहे. तेल पाण्यावर तरंगतं. म्हणून खाली लांब कुठेतरी नाल्यात गोण्यांचा बांध घालून त्यातून तिरपा पाइप असा टाकायचा की त्याचं वरच्या बाजूचं तोंड पाण्याच्या तळाशी राहील. खालचं पाणी निघून जातं, तेल मागे अडतं. अ‍ॅसिड मात्र पाण्यात मिसळतं, तिथे ही युक्ती चालत नाही. तिथे नाला पूर्ण अडवावा लागतो. काय सांडलंय हे कळल्यावर आणि फायर ब्रिगेडने सांगितल्यावरच हे करायचं. पण भरलेल्या गोण्या पुलाजवळ आधीच रचलेल्या असतील तर त्यांचा वेळ वाचेल.

१९९६ च्या रासायनिक अपघात नियमांप्रमाणे जिल्ह्याला कलेक्टरांच्या अध्यक्षतेखाली आपत्ती गट असतो, आणि औद्योगिक वसाहतीला स्थानिक गट. पण हायवेवरचं गाव ही औद्योगिक वसाहत नसते. माझ्या मते पुलाशेजारच्या प्रत्येक ग्रामपंचायतीला या योजनेत जागा मिळायला हवी, आणि वर्षातून एकदा तिथे मॉक ड्रिल व्हायला हवं. ते होईल तेव्हा होईल. तोवर आपण काय करू शकतो? सिव्हिल आणि केमिकलच्या मुलामुलींनी मिळून पाटीवरचे कोड सोप्या मराठीत मांडणारा एक तक्ता करावा. गोंडी आणि कोलामी बोलणाऱ्या मित्रांनी तो आपापल्या पोडावर, गुड्यावर समजावून सांगावा. यंदाचं रासेयो शिबिर हायवेच्या पुलाजवळच्या गावात घ्यावं. सरांनी परवानगी दिली तर तक्त्याचा कच्चा मसुदा मी पुढच्या महिन्यात नोटीस बोर्डवर लावते. चुका काढायला सगळ्यांनी यावं.

बैल गेला अन् झोपा केला, ही म्हण आपल्याच शेतकऱ्यांनी केली आहे. टँकर अजून उलटलेला नाही. झोपा करायची वेळ आत्ताच आहे!