श्रमिकांचे पाय कोणाच्या हिशेबात?

मार्च २०१८ मध्ये नाशिकहून मुंबईकडे सुमारे १८० किलोमीटर चालत आलेल्या शेतकऱ्यांचे रक्ताळलेले तळवे साऱ्या देशाने वृत्तपत्रांतून पाहिले. मुंबईकरांनी त्यांना पाणी दिले, चपला दिल्या. ती माणुसकी खोटी नव्हती. परंतु ज्या पायांची त्या आठवड्यात सर्वांना कणव आली, ते पाय त्यापूर्वीही दुखत होते आणि त्यानंतरही दुखतच राहिले. कष्टकऱ्याचे पाय दुखणे हा आजार मानलाच जात नाही. वय झाले, वजन वाढले, नशिबाचे भोग, असे म्हणून त्याची बोळवण केली जाते.

वस्तुतः या दुखण्याची अनेक कारणे कामाच्या स्वरूपातच आहेत. टाचेच्या हाडापासून बोटांच्या मुळापर्यंत तळव्याखाली एक जाड, चिवट पट्टा असतो. दहा-बारा तास कठीण फरशीवर उभे राहावे लागले की त्यावर ताण पडतो आणि टाच दुखू लागते. सकाळी अंथरुणातून उठून टाकलेल्या पहिल्या पावलाला असह्य कळ येते ती यामुळेच. कापडदुकानातील विक्रेती, धुणीभांडी करणारी बाई, बंदोबस्तावरचा शिपाई यांना हे दुखणे चांगलेच ठाऊक आहे. घट्ट किंवा झिजलेल्या पादत्राणांमुळे कुरूप आणि घट्टे होतात. भातलावणीत दिवसभर चिखलात राबणाऱ्या स्त्रियांच्या बोटांच्या बेचक्यांत चिखल्या होतात. सर्वांत घातक प्रकार मधुमेहाचा. त्यात पायाची संवेदनाच हरपते. खडा रुतला तरी कळत नाही, जखम चिघळते आणि अखेर पाय कापण्याची पाळी येते.

यांपैकी बहुतेक विकारांवर साधे उपाय आहेत. पोटरीला व तळव्याला ताण देणारे व्यायाम, टाचेखाली योग्य गादी, मापाचे पादत्राण आणि थोडी विश्रांती एवढ्याने टाचदुखी बहुतेकांच्या बाबतीत शस्त्रक्रियेवाचून काही महिन्यांत बरी होते. पोडियाट्री, म्हणजे पायांच्या विकारांची चिकित्सा, हे स्वतंत्र शास्त्र आहे. ब्रिटनच्या सार्वजनिक आरोग्यसेवेत त्याचे तज्ज्ञ काम करतात. भारतात मात्र ही सेवा मुख्यतः मोठ्या शहरांपुरती व पैसे मोजू शकणाऱ्यांपुरती राहिली आहे.

शासनाला हे झेपणारे नाही, असा आक्षेप घेतला जाईल. तो टिकत नाही. कुष्ठरोगामुळे ज्यांचे पाय बधिर झाले आहेत, त्यांना मऊ सच्छिद्र रबराच्या खास चपला देण्याची सोय राष्ट्रीय कुष्ठरोग कार्यक्रमात आहे. मधुमेहाने बधिर झालेल्या पायालाही तशाच संरक्षणाची गरज असते. जे एका रोग्याला देता येते, ते दुसऱ्याला का नाकारावे?

मात्र औषधोपचारांनाही मर्यादा आहे. डॉक्टरने विश्रांती सांगितली, तरी रोजंदारीवरच्या बाईला ती परवडत नाही, आणि दुकानातल्या मुलीला ग्राहक नसतानाही बसण्याची मुभा नसते. उभ्याने काम करणाऱ्यांना बसण्याची सोय असावी, हे तत्त्व १९४८ च्या कारखाने अधिनियमातील कलम ४४ ने मान्य केले होते. पण ते कारखान्यांपुरते होते. दुकानांतील स्त्रियांना हा हक्क लढून मिळवावा लागला. केरळात कोझिकोडच्या पी. विजी आणि त्यांच्या सहकारी महिलांनी वर्षानुवर्षे आंदोलन केले, तेव्हा २०१८ मध्ये तेथे कायद्यात दुरुस्ती झाली. २०२१ मध्ये तमिळनाडूने तोच मार्ग धरला. कायदा झाला म्हणून दुकानात स्टूल आपोआप येत नाही, त्यासाठी पाठीशी संघटना लागते, हेही तितकेच खरे.

महाराष्ट्रातील समाजवादी कार्यकर्त्यांनी हा विषय किरकोळ मानू नये. प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात मधुमेहींच्या पायांची नियमित तपासणी, बधिर पायांसाठी मोफत पादत्राणे, आणि उभ्याने राबणाऱ्या प्रत्येकाला बसण्याची जागा, या तीन मागण्या कामगार संघटनांच्या व महिला आघाड्यांच्या मागणीपत्रकांत आल्या पाहिजेत. वेतनवाढीची मागणी करताना ते वेतन ज्या पायांवर उभे राहून मिळवले जाते, त्यांचा हिशेबही मालकाकडे व शासनाकडे मागितलाच पाहिजे.