करडांच्या पोटातली लढाई

डहाणू तालुक्यातल्या चारोटीच्या आसपासचे माळ पावसाळ्यात हिरवेगार होतात, पण करडांसाठी हाच काळ सर्वांत वाईट. ओल्या गवतावर चढलेल्या जंतांच्या अळ्या चरताना पोटात जातात. रक्तशोषक हिमॉन्कस जंत चौथ्या पोटात ठाण मांडतो. त्याची एक मादी दिवसाला ५,००० ते १०,००० अंडी घालते. ट्रायकोस्ट्रॉन्गिलस लहान आतड्याचं अस्तर पोखरतो.

मोठ्या मेंढीचं आतडं हा शत्रू ओळखतं. चिकट द्रव वाढतो, आयजीए प्रतिपिंडं अळ्यांची वाढ रोखतात, इओसिनोफिल पेशी तुटून पडतात. कोकराला हे शिकायला काही महिने लागतात, आणि पोटभर प्रथिनही. शेळी मूळची झाडपाला खाणारी, म्हणून तिची ही ताकद मेंढीहून कमीच. डहाणू-तलासरीच्या पाड्यांवर तर मेंढ्यांपेक्षा शेळ्याच जास्त पाळल्या जातात! म्हणून मला हा विषय प्रयोगशाळेपुरता वाटत नाही; शेळी ही गरिबाच्या घरची शिल्लक आहे.

पापणी आतून पांढरट दिसली, जबड्याखाली सूज आली, तर लेंड्या पशुवैद्यकीय दवाखान्यात तपासून घ्या. तेच औषध पुन्हा पुन्हा पाजू नका, जंत त्याला दाद देईनासे होतात. आणि दव सुकल्याशिवाय करडं चरायला सोडू नका.