समजून घ्या : घरच्या कुत्र्यावर गल्लीतल्या कुत्र्यांचा हल्ला, 'दोनच दात लागले' म्हणून सोडून का देऊ नये?

वऱ्हाडात एप्रिल-मे महिन्यांत कुत्र्याला फिरायला न्यायच्या दोनच वेळा उरतात. पहाटे पाच-साडेपाच, नाहीतर रात्री नऊनंतर. मधल्या वेळेत अकोल्याच्या डांबरी रस्त्यावर माणसाला अनवाणी उभे राहता येत नाही, कुत्र्याच्या पंजांचे काय सांगायचे! अडचण अशी की, नेमक्या याच दोन वेळांना रस्ता कुत्र्यांच्या ताब्यात असतो. रहदारी थांबलेली असते, चिकनच्या दुकानांमागे दिवसभराचा कचरा पडलेला असतो आणि नव्या लेआउटमधल्या मोकळ्या प्लॉटवरची टोळी आपल्या हद्दीवर पहारा देत असते. दोरीला बांधलेला घरचा लॅब्रेडोर किंवा पॉमेरेनियन त्या हद्दीत पाऊल ठेवतो आणि पुढचा प्रकार अर्ध्या-एक मिनिटात संपतो.

अमरावतीचे साईनगर असो की अकोल्याचे कौलखेड, त्यानंतरचे वाक्य जवळपास ठरलेले असते. 'काही नाई झालं भाऊ, दोनच दात लागले.' जखमेवर हळद दाबली जाते. कुत्रा पलंगाखाली जाऊन बसतो. दुसऱ्या दिवशी तो जेवत नाही, तेव्हा 'घाबरला असेल' असे म्हटले जाते. तिसऱ्या दिवशी मानेखाली लिंबाएवढी सूज येते, वास येऊ लागतो आणि मग डॉक्टरांचा शोध सुरू होतो. हातातून निसटतात ते हे मधले तीन दिवस.

छिद्र दोन, जखम केवढी?

कुत्र्याची कातडी सैल असते. दुसऱ्या कुत्र्याचा सुळा आत शिरतो आणि तो मान झटकतो, तेव्हा कातडी दातासोबत ओढली जाते, पण आतले स्नायू जागच्या जागी फाटतात. दात निघाला की कातडी परत आपल्या जागी येते. बाहेर दिसते ते मसुराएवढे छिद्र. आत मात्र कातडी आणि स्नायू यांच्यामध्ये पोकळी तयार झालेली असते. त्या पोकळीत लाळ, केस, माती आणि जंतू जाऊन बसतात. छिद्र लवकर बुजते, घाण आतच राहते. केसाळ जातीच्या कुत्र्यात तर ते छिद्रही दिसत नाही.

छोट्या कुत्र्यांच्या बाबतीत धोका आणखी मोठा. मोठ्या कुत्र्याने पग किंवा पॉमेरेनियनला पाठीतून उचलून झटकले असेल, तर अंगावर रक्ताचा थेंब नसतानाही बरगडी मोडलेली असू शकते, फुप्फुसाला मार बसलेला असू शकतो, पोटाचा पडदा फाटलेला असू शकतो. म्हणून रक्त किती आले यावरून जखमेचा अंदाज बांधणे चुकीचे ठरते.

भांडण सुरू असताना हात घालावा का?

घालू नये. सांगणे सोपे आहे, पाळणे कठीण. कारण समोर आपला मोती किंवा शेरू ओरडत असतो. पण अशा वेळी सर्वाधिक चावे बसतात ते सोडवणाऱ्याच्या हाताला, आणि अनेकदा चावणारा कुत्रा घरचाच असतो. वेदनेत असलेले जनावर हात कुणाचा ते पाहत नाही. बादलीभर पाणी, उघडलेली छत्री, पत्र्यावर मारलेली काठी, गाडीचा सलग हॉर्न, अंगावर टाकलेले पोते किंवा जाड चादर, यांतले जे मिळेल ते वापरावे. समोरच्या कुत्र्याने दात रुतवून ठेवले असतील तर आपल्या कुत्र्याला ओढू नये. ओढले की कातडी फाटत जाते. पळत सुटणे तर सर्वांत वाईट. जवळच्या फाटकाच्या, गाडीच्या किंवा दुकानाच्या शटरच्या आड हळूहळू मागे सरकत जाणे हे बहुतेक वेळा जमते.

पहिल्या तासात काय करावे?

आधी श्वास पाहावा, मग हिरड्या. निरोगी कुत्र्याच्या हिरड्या गुलाबी असतात. हिरडीवर बोट दाबून सोडले की पांढरा पडलेला भाग साधारण दोन सेकंदांत पुन्हा गुलाबी होतो. रंग परत यायला वेळ लागत असेल, हिरड्या फिक्या असतील, पंजे गार पडले असतील किंवा कुत्रा धापा टाकत असेल, तर घरगुती उपचारात एक मिनिटही घालवू नये. रक्त वाहत असेल तिथे स्वच्छ कापडाची घडी पाच ते दहा मिनिटे सलग दाबून धरावी. थांबले का म्हणून दर अर्ध्या मिनिटाला उचलून पाहू नये.

वरवरची जखम साबण आणि भरपूर वाहत्या पाण्याने धुवावी. ती धुताना हातात मोजे नसतील तर निदान प्लास्टिकची पिशवी चढवावी, कारण कुत्र्याच्या केसांवर हल्ला करणाऱ्याची लाळ असते. छाती किंवा पोटावरचे खोल छिद्र मात्र धुवू नये. ओल्या स्वच्छ कापडाने झाकून थेट दवाखाना गाठावा. हळद, चुना, मिरची, फिनाइल, पेट्रोल यांतले काहीही लावू नये. माणसांच्या वेदनाशामक गोळ्या देऊ नयेत, अगदी घरात नेहमी असणारी पॅरासिटामॉलसुद्धा नाही. कुत्र्याचे यकृत आणि मूत्रपिंड त्यांनी निकामी होऊ शकते. भूल द्यावी लागण्याची शक्यता असते, म्हणून दूध-पोळीही नको.

नेताना ओढणीची पट्टी तोंडाभोवती सैलसर बांधली तर ऑटोवाल्याची भीती कमी होते; पण कुत्र्याला श्वास घ्यायला त्रास होत असेल, उलटी होत असेल किंवा तो पगसारखा चपट्या तोंडाचा असेल तर बांधू नये. पाठीला मार असेल तर प्लायवूडच्या फळीवर किंवा ताणून धरलेल्या चादरीवर उचलावे.

न्यायचे कुठे, हा वऱ्हाडातला खरा प्रश्न. सरकारी पशुवैद्यकीय व्यवस्था मुळात बैल, गाई-म्हशी आणि शेळ्यांसाठी उभी राहिली. १९६२ हा टोल फ्री क्रमांकही प्रामुख्याने पशुपालकांच्या दारात फिरते पथक पाठवण्यासाठी आहे. अकोल्यात महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठाची स्नातकोत्तर पशुवैद्यक व पशुविज्ञान संस्था आहे, ही या भागाची जमेची बाजू. अमरावतीच्या डॉक्टरांनी मोठ्या शस्त्रक्रियेसाठी अकोल्याला जायला सांगितले तर अंतर साधारण शंभर किलोमीटरचे. याच महामार्गावर जून २०२२ मध्ये ७५ किलोमीटर डांबरीकरण १०५ तास ३३ मिनिटांत करून गिनेस विक्रम झाला होता. रस्ता चांगला आहे. रात्री अकरा वाजता कुठला दवाखाना उघडा आहे, हे मात्र रस्ता सांगत नाही. त्यामुळे जवळच्या दोन पशुवैद्यकांचे क्रमांक आणि त्यांच्या रात्रीच्या सेवेची माहिती आजच मोबाइलमध्ये असावी.

डॉक्टरांनी टाके का घातले नाहीत?

दवाखान्यातून परतलेल्यांची ही नेहमीची तक्रार. जखम उघडी ठेवली म्हणजे हलगर्जी केली, असे नव्हे. चाव्याची जखम वरून शिवली तर आतली घाण आत कोंडली जाते आणि पू होतो. म्हणून अनेकदा डॉक्टर छिद्र उलट मोठे करतात, आत धुतात, स्राव बाहेर येण्यासाठी नळी ठेवतात आणि टाके काही दिवसांनी घालतात किंवा घालतच नाहीत. प्रतिजैविकांचा कोर्स पूर्ण करणे आणि कुत्रा जखम चाटू नये म्हणून गळ्यात घालायची प्लास्टिकची कॉलर ठेवणे, ही दोन कामे घरच्यांची. कॉलर घातलेला कुत्रा केविलवाणा दिसतो म्हणून ती काढली जाते आणि एका रात्रीत सगळी मेहनत वाया जाते.

पुढचे ७२ तास लक्ष ठेवायचे ते सूज, वास, ताप आणि लघवीवर. लघवी झालीच नाही किंवा पोट फुगत चालले, तर मूत्राशयाला इजा असू शकते. मानेवरच्या कातडीखाली हात लावल्यावर कुरकुर जाणवली, तर श्वासनलिकेतून हवा बाहेर झिरपत असते. दोन्ही वेळा सकाळची वाट पाहू नये. पावसाळ्यात आणखी एक शत्रू असतो, माशी. उघड्या जखमेवर बसलेल्या माशीच्या अंड्यांतून एका दिवसात अळ्या निघतात. शेतावरच्या बैलांच्या जखमेत किडे पडलेले ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना हे वेगळे सांगायला नको.

रेबीजची लस कुणाला? कुत्र्याला की माणसाला?

दोघांनाही लागू शकते, आणि इथेच सर्वांत महागडी चूक होते. कुत्र्याला दवाखान्यात नेण्याच्या गडबडीत मालक स्वतःच्या मनगटावरचा ओरखडा विसरतो. रेबीजची लक्षणे एकदा दिसू लागली की माणूस वाचत नाही, असेच धरून चालावे लागते. लक्षणांआधी घेतलेली लस मात्र वाचवते. सोडवताना दात लागला असेल, खरचटले असेल किंवा ताज्या जखमेला लाळ लागली असेल, तर ती जागा १५ मिनिटे साबण आणि वाहत्या पाण्याने धुवावी आणि त्याच दिवशी सरकारी रुग्णालयात जावे. अमरावतीत इर्विन, अकोल्यात सर्वोपचार. सरकारी रुग्णालयात ही लस मोफत असते. कातडीत दिल्या जाणाऱ्या लसीचे वेळापत्रक ०, ३, ७ आणि २८ वा दिवस असे आहे. रक्त आले असेल तर जखमेत इम्युनोग्लोब्युलिनही द्यावे लागते. 'आपला कुत्रा लस घेतलेला आहे' हा युक्तिवाद इथे लागू पडत नाही, कारण लाळ दुसऱ्याची असू शकते.

घरच्या कुत्र्याचे लसीकरण चालू असेल तर डॉक्टर बूस्टर देतात. लसच घेतलेली नसेल किंवा कार्डावरची तारीख उलटून गेली असेल, तर साधारणपणे ०, ३, ७, १४ आणि २८ व्या दिवशी पाच डोस दिले जातात आणि कुत्र्याच्या वागण्यावर पुढे काही महिने लक्ष ठेवावे लागते. हल्ला करणारा कुत्रा ओळखीचा असेल तर त्याच्यावर दहा दिवस नजर ठेवावी. तो दहाव्या दिवशी ठणठणीत असेल, तर चावताना त्याच्या लाळेत विषाणू नव्हता असे मानता येते. पण तोवर लस थांबवून ठेवायची नसते.

तक्रार करून उपयोग होतो का?

रागाच्या भरात दगड, काठी आणि कधी कधी विष घातलेले मटण बाहेर येते. विषाचा उपाय कायद्याने गुन्हा आहे. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३२५ नुसार प्राण्याला मारणे किंवा अपंग करणे यासाठी पाच वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते. शिवाय ते मटण शेजारचा पाळीव कुत्राही खातो. मारून प्रश्न सुटतो ही समजूत जुनी आहे. मुंबईत इंग्रजांनी भटकी कुत्री मारण्याचा हुकूम काढला आणि १८३२ मध्ये पारशी समाज रस्त्यावर उतरून दंगल झाली. जवळपास दोनशे वर्षे झाली, मुंबईतली कुत्री काही संपली नाहीत. उलट गोव्याने भटक्या कुत्र्यांचे सातत्याने लसीकरण केले आणि २०२१ मध्ये राज्य 'रेबीज नियंत्रित क्षेत्र' म्हणून जाहीर केले.

प्राणी जन्म नियंत्रण नियम, २०२३ नुसार निर्बीजीकरण आणि लसीकरणाची जबाबदारी स्थानिक स्वराज्य संस्थेची आहे. शस्त्रक्रिया झालेल्या कुत्र्याच्या कानाला खूण म्हणून खाच पाडलेली असते. सर्वोच्च न्यायालयाने २२ ऑगस्ट २०२५ च्या आदेशात निर्बीजीकरणानंतर कुत्रे मूळ जागी सोडण्यास मुभा दिली, पण रेबीजग्रस्त, संशयित आणि आक्रमक कुत्र्यांना त्यातून वगळले. ७ नोव्हेंबर २०२५ च्या आदेशाने शाळा, रुग्णालये, बसस्थानके, रेल्वे स्थानके यांच्या आवारातली कुत्री हटवण्यास सांगितले. म्हणून महापालिकेकडे 'आमच्या भागात कुत्री वाढली' असा अर्ज देण्यापेक्षा कोणता चौक, किती वाजता, कोणत्या रंगाचा कुत्रा, कानाला खाच आहे की नाही, त्याने आधी कुणाला चावले आहे, असे लिहून फोटोसह दिलेली तक्रार अधिक वजनदार ठरते. तिची पोच घ्यावी. हल्ला करणारा कुत्रा कुणाचा पाळीव असेल तर संहितेचे कलम २९१ आहे. जनावराबाबत निष्काळजीपणा केल्यास सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. बहुतेक ठिकाणी प्रकरण तिथवर जात नाही. शेजारी लसीचे कार्ड दाखवतो, औषधाचा खर्च उचलतो आणि विषय मिटतो. त्यासाठी पहिल्या दिवसापासूनची बिले जपून ठेवलेली बरी.

अर्ज करताना मोसमही लक्षात घ्यावा. भाद्रपदाच्या आसपास टोळ्यांमधली भांडणे वाढतात, आणि दिवाळीच्या सुमारास नालीशेजारी किंवा बांधकामावरच्या वाळूच्या ढिगात व्यालेली कुत्री असते. ती एरवी गरीब असली तरी पिल्लांच्या जवळून दुसरा कुत्रा गेलेला तिला चालत नाही. ते दीड-दोन महिने रस्ता बदलणे हाच सर्वांत स्वस्त उपाय.

जखम भरली, पण कुत्रा बाहेर का येत नाही?

टाके निघाल्यावरही फाटकाशी अडून बसणारा, दूरवर भुंकणे ऐकू आले की घरातच लघवी करणारा, किंवा पूर्वी मित्र असलेल्या कुत्र्यावर गुरगुरणारा कुत्रा हट्टी झालेला नसतो. त्याला रागावू नये आणि ओढून तर मुळीच नेऊ नये. पहिले काही दिवस फाटकापर्यंतच जावे, तिथे आवडीचा खाऊ द्यावा आणि परत यावे. मग कोपऱ्यापर्यंत. दुसरा कुत्रा दिसला तर तो जेवढ्या अंतरावर असताना आपला शांत राहतो, तेवढे अंतर राखून वळावे. दोरी हातात घट्ट आवळून चालणाऱ्या मालकाची भीती दोरीतूनच कुत्र्याकडे जाते. आपोआप लांबणारी दोरी अशा वेळी घरीच ठेवावी, आखूड दोरी आणि छातीचा पट्टा बरा.

काही घरांत कुत्रा परत येत नाही. मग 'त्या दिवशी मीच दोरी सोडली' हे घरातल्या एखाद्याच्या डोक्यात महिनोन्महिने फिरत राहते, आणि तो बहुतेकदा शाळकरी मुलगा किंवा मुलगी असते. 'दुसरा आणू' हे त्याला लगेच सांगू नये. कुत्रा गावाला गेला, असेही सांगू नये. काय झाले ते त्याच्या वयाला झेपेल अशा शब्दांत सांगावे, पुरताना त्याला यायचे असेल तर येऊ द्यावे, आणि दोरी, वाटी कधी उचलून ठेवायची हे त्यालाच ठरवू द्यावे.