जंतू मेले, डोळा मात्र गेला!

कोरड्या डोळ्यांना ओलावा देणारे साधे थेंब. पण २०२३ साली अमेरिकेत त्यांनी हाहाकार उडवला. थेंबांशी संबंध असलेला ‘स्यूडोमोनास’ जंतूचा संसर्ग १८ राज्यांतल्या ८१ जणांना झाल्याचे आढळले. १४ जणांची दृष्टी गेली वा अधू झाली, चौघांवर डोळा काढून टाकण्याची वेळ आली, चौघे दगावले. औषध बनले होते आपल्याच तामिळनाडूत.

कारखान्याच्या हलगर्जीपणावर पुष्कळ लिहिले गेले. त्यामागचा प्रश्न मात्र मागेच राहिला. प्रतिजैविकांच्या एवढ्या सुकाळात माणसांचे डोळे जातात तरी कसे?

बुबुळावरचा पारदर्शक पडदा जेमतेम अर्धा मिलिमीटर जाड असतो. तो मुख्यतः कोलॅजेन या प्रथिनाच्या तंतूंनी विणलेला. स्यूडोमोनास ही वीण कुरतडणारी विकरे, म्हणजे एन्झाइम, सोडतो. त्याच्याशी लढायला धावलेल्या आपल्या पांढऱ्या पेशीही तशीच विकरे सोडतात. चोरावर उगारलेल्या लाठीने घरच्याच काचा फुटाव्यात, तसे हे होते. प्रतिजैविक जंतूला मारते. मागे उरलेल्या विकरांना नव्हे. मुद्दल फिटले तरी व्याज चालूच! पडदा विरघळत जातो, प्रसंगी त्याला भोक पडते. वाचलाच, तर फूल पडते.

मग या विकरांनाच लगाम घातला तर? १९६२ साली बेडकाच्या पिल्लाची शेपटी झडते कशी, हे शोधताना कोलॅजेन तोडणारे विकर प्रथम हाती लागले. त्याच्या गाभ्यात जस्ताचा अणू असतो. टेट्रासायक्लिन जातीची औषधे अशा विकरांना आवर घालतात, हे १९८३ साली ध्यानात आले. त्यांतल्याच डॉक्सिसायक्लिनला अल्प मात्रेत हिरड्यांच्या विकारासाठी १९९८ साली अमेरिकेत मान्यता मिळाली. बुबुळावरच्या जखमेतही नेत्रतज्ज्ञ ते जोडीला देतात. जोडीला, हे महत्त्वाचे. प्रतिजैविकाला ते पर्याय नव्हे. शिवाय त्याच्या गुणाचा माणसांवरील भक्कम पुरावा अजून थोडाच आहे.

दुसरी आघाडी औषधप्रतिकाराची. काही जंतूंची विकरे प्रतिजैविकच मोडून टाकतात. त्यांतल्या काहींना रोखणारे क्लॅव्ह्युलॅनिक आम्ल १९८१ पासून बाजारात आहे. पण २०२३ च्या त्या जंतूकडे जस्तावर चालणारे असेही एक विकर होते, की ज्यावर या आम्लाची मात्रा चालत नाही.

येथे हिशेबाचा मुद्दा येतो. डॉक्सिसायक्लिन जुने आणि स्वस्त. त्याच्या चाचण्यांवर पैसा ओतून कोणत्या कंपनीला नफा होणार? आणि आपल्याकडे हा आजार होतो तो बहुधा भाताचे तूस वा उसाचे पाते डोळ्यात गेलेल्या शेतमजुराला. बाजाराच्या वहीत त्याच्या नावाचे पान नाही. म्हणून हा खर्च सार्वजनिक संशोधन संस्थांनीच उचलला पाहिजे. एका कर्त्या माणसाचा डोळा गेला, की अख्ख्या घराचा जमाखर्च कोलमडतो. त्यापुढे चाचण्यांचा खर्च किरकोळ ठरेल.

तोवर आपल्या हाती एवढे आहे. डोळा लाल होऊन ठणकू लागला, नजर धूसर झाली वा बुबुळावर पांढरा ठिपका दिसला, तर दुकानातून स्टेरॉइडचे थेंब आणून घालू नयेत. त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञ गाठावा. विकरे उद्याची वाट पाहत नाहीत.